गोलमेजाची शपथ कुठून आली आणि कुठे तुटली

काजवा (धागाकर्ती)

गोलमेज म्हटलं की आपल्याला आधी परिषद आठवते, मग आर्थर राजा. लहानपणी आर्थरच्या कथा संक्षिप्त रूपात वाचलेल्यांना दगडातली तलवार, मर्लिन जादूगार आणि लॅन्सलॉट एवढं ठाऊक असतं. पण गोलमेजाचे नाइट दरवर्षी पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर येणाऱ्या ख्रिस्ती) सणाला एक शपथ घ्यायचे, आणि ती त्या सगळ्या दरबाराचा कणा होती, हे त्या छोट्या पुस्तकांतून बहुतेक वेळा गळतं. मी या कथा कित्येक वर्षं वाचतेय आणि दर वेळी या शपथेपाशीच थांबते. म्हणून हा धागा.

मेजाविषयी आधी थोडं. जेफ्री ऑफ मॉनमथने ११३० च्या दशकात लॅटिनमध्ये आर्थरची कथा रचली, त्यात हे मेज नाही. ते आणलं वास नावाच्या कवीने, ११५५ मध्ये. कारणही त्याने साधंच दिलं: प्रत्येक सरदाराला आपणच वरचढ वाटायचं, तेव्हा वरची-खालची जागाच नको. पुढे लायमनने इंग्रजीत तेच सांगताना पंक्तीत मानापमानावरून जुंपलेली भांडाभांडी रंगवली. आधी पाव फेकले गेले, मग मद्याने भरलेले चांदीचे पेले, मग थेट हातघाई. त्यानंतर एक सुतार येतो आणि सोळाशे जण बसतील असं मेज करून देतो. म्हणजे हा गोल आकार आला तोच एका भांडणावर तोडगा म्हणून.

शपथेचं जे रूप आज सर्वांना माहीत आहे ते थॉमस मॅलरीच्या पुस्तकातलं. त्याने ते १४६९-७० च्या सुमारास पुरं केलं आणि विल्यम कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलं. शपथेतली कलमं थोडक्यात अशी: अत्याचार करायचा नाही, खून करायचा नाही, राजद्रोहापासून दूर राहायचं. जो दयेची याचना करील त्याला दया दाखवायची. स्त्रियांच्या मदतीला नेहमी धावायचं. आणि खोट्या बाजूने कधीही लढायचं नाही, मग समोर कितीही धनदौलत ठेवली तरी.

आता माझा मुद्दा. ही कलमं कुणा शहाण्याने बसून लिहिलेली नाहीत. त्यांतल्या महत्त्वाच्या ओळींच्या मागे या नाइटांनी नुकतीच केलेली चूक उभी आहे, आणि ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

प्रसंग आर्थर आणि ग्विनेव्हिअरच्या लग्नाचा. मेजवानी चालू आहे. मर्लिन सगळ्यांना जागेवर बसून राहायला सांगतो. एवढ्यात दालनात एक पांढरं हरीण घुसतं, त्याच्या मागे एक पांढरी शिकारी कुत्री आणि तिच्या मागे साठ काळे कुत्रे. कुत्री हरणाला चावते, हरीण उडी मारून एका नाइटला पाडतं, तो उठून कुत्रीला उचलतो आणि चालता होतो. लगोलग एक स्त्री पांढऱ्या घोड्यावरून येते, माझी कुत्री नेली म्हणून दाद मागते. ती बोलत असतानाच दुसरा एक सशस्त्र नाइट आत येतो आणि तिला बळजबरीने ओढून घेऊन जातो. ती आक्रोश करत असते.

आणि मॅलरी लिहितो, ती गेल्यावर राजाला बरं वाटलं, कारण ती फार आरडाओरडा करत होती.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. हा न्यायाचा राजा! स्वतःच्या लग्नात, स्वतःच्या दालनातून एका बाईला पळवून नेलं जातंय आणि गोंगाट थांबला म्हणून याला हायसं वाटतंय. मर्लिन त्याला तिथल्या तिथे सुनावतो की हे असं सोडून देता येणार नाही, नाहीतर तुझी आणि तुझ्या समारंभाची नाचक्की होईल. मग तिघांना धाडलं जातं: गॉवेन हरणाच्या मागे, टॉर कुत्रीच्या मागे, राजा पेलिनोर त्या स्त्रीच्या मागे.

तिघेही कामगिरी फत्ते करून परततात आणि तिघांच्याही हातून भलतंच घडलेलं असतं.

गॉवेनने हरणापायी एका नाइटशी झुंज घेतली. तो हरला, दया मागू लागला. गॉवेनने दिली नाही. वार करायला तलवार उगारली आणि त्या नाइटची प्रिया धावत येऊन त्याच्या अंगावर पडली. वार तिच्या मानेवर बसला. गॉवेनचा धाकटा भाऊ गॅहेरिस तिथेच होता, तो त्याला तोंडावर सांगतो की ज्याच्याकडे दया नाही त्या नाइटला मानही नाही. गॉवेन आर्थरच्या राजधानीत, कॅमेलॉटला, परतला तो त्या स्त्रीचं शिर गळ्यात अडकवून आणि धड घोड्यावर आडवं टाकून.

टॉरचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. त्याने एका स्त्रीला, तू मागशील ते देईन, असा शब्द दिला. तिने मागितलं एका नाइटचं मुंडकं, कारण त्याने तिच्या भावाला मारलं होतं आणि ती अर्धा तास गुडघे टेकून विनवत होती तरी ऐकलं नव्हतं. हे कळताच तो नाइट दया मागायला लागला. आधी टॉरने स्वतःहून देऊ केली होती तेव्हा त्याने नाकारली होती. आता शब्द पाळायचा की दया करायची? टॉरने शब्द पाळला.

आणि पेलिनोर. वाटेत विहिरीपाशी एक मुलगी जखमी नाइटला मांडीवर घेऊन बसली होती. तिने हाक मारली, मदत कर. पेलिनोरला आपल्या मोहिमेची घाई, तो थांबला नाही. परत येताना पाहतो तो तिचा प्रियकर मेलेला, तिने त्याच्याच तलवारीने जीव दिलेला आणि सिंहांनी तिचं फक्त डोकं तेवढं शिल्लक ठेवलेलं. दरबारात मर्लिन सांगतो की ती तुझीच लेक होती.

आता शपथ पुन्हा वाचा. दया मागणाऱ्याला दया, हे गॉवेनचं कलम. स्त्रियांच्या हाकेला धावणं, हे पेलिनोरचं. आणि तिघांनाही दरबारात सगळं शपथेवर सांगावं लागतं, त्यानंतरच मॅलरी ही शपथ आणतो. राणी आणि तिच्या सख्या तर गॉवेनचा वेगळा निवाडा करतात: जन्मभर स्त्रियांच्या बाजूने लढायचं आणि दया मागणाऱ्याला कधी नाकारायचं नाही. समारंभ, सण, पंक्ती, शुभवर्तमानांवर हात ठेवून घेतलेल्या आणाभाका, हा सगळा दरबारी थाट मला त्यामुळे पोकळ वाटत नाही. दरवर्षी शपथ घेताना गॉवेनला ते गळ्यातलं शिर आठवत असणारच.

तुम्हाला काय वाटतं?

मोरपीस

सुंदर लिहिलंय. दोन गोष्टींची भर घालते.

शपथेत एक कलम असं आहे की ते साडेचारशे वर्षं कुणी वाचलंच नव्हतं. सगळे कॅक्स्टनची छापील प्रत वाचत होते. १९३४ मध्ये विंचेस्टर कॉलेजात मॅलरीच्या पुस्तकाचं हस्तलिखित सापडलं. त्यात स्त्रियांच्या कलमापाशी जास्तीचे शब्द आहेत: त्यांच्या हक्कांना बळ द्यायचं आणि त्यांच्यावर कधीही जबरदस्ती करायची नाही. छापील प्रतीत फक्त मदत करायची एवढंच उरलं होतं. मदत करणं आणि हक्काला बळ देणं यांत केवढा फरक आहे! पहिल्यात ती बिचारी आहे, दुसऱ्यात तिचं काहीतरी आहे जे कुणी हिसकावतोय. आणि लग्नातल्या त्या पळवून नेलेल्या बाईचा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवला तर "जबरदस्ती करायची नाही" हे शब्द तिथे असायलाच हवे होते असं वाटतं.

दुसरं, चूक हीच ओळख होण्याबद्दल. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका इंग्रजी काव्यात गॉवेन हिरव्या नाइटच्या परीक्षेला जातो. जीव वाचेल या आशेने एक हिरवा पट्टा लपवून ठेवतो, तेवढीच त्याची चूक. मानेवर नुसता ओरखडा उठून तो सुटतो, पण परतल्यावर तो पट्टा आपल्या लाजेची खूण म्हणून अंगावर मिरवतो. दरबार हसतो, त्याला जवळ घेतो आणि ठरवतो की यापुढे गोलमेजाच्या प्रत्येकाने तसाच हिरवा पट्टा घालायचा. एकाची लाज ती सगळ्यांचं मानचिन्ह. त्या हसण्यावर मी अनेकदा विचार केलाय. त्यांना त्याची वेदना कळली नाही की कळली म्हणूनच ते हसले? मला दुसरं खरं वाटतं.

दगडफूल

काजवाताई, लेख आवडला, पण निष्कर्ष मला पटत नाही.

शपथ कितीही चांगली असली तरी न्याय कसा ठरतो ते बघा ना. आरोप झाला की दोघांनी मैदानात उतरायचं, जिंकेल तो खरा. हा न्याय? हा तर बळी तो कान पिळी. इंग्लंडच्या कायद्यात द्वंद्वाने निवाडा करायची ही पद्धत १८१९ पर्यंत कागदावर शाबूत होती. १८१८ मध्ये खुनाच्या आरोपातल्या एकाने न्यायालयात खरंच द्वंद्वाची मागणी केली, समोरचा तयार झाला नाही आणि आरोपी सुटला. त्यानंतर कुठे ती रद्द झाली. म्हणजे ही नुसती कविकल्पना नव्हती.

विषारी सफरचंदाचा प्रसंग आठवा. ग्विनेव्हिअर चोवीस नाइटांना जेवायला बोलावते. गॉवेनला फळं फार आवडतात म्हणून त्याला मारायला कुणीतरी सफरचंदात विष घालतो, खातो भलताच आणि जागीच मरतो. मेलेल्याचा नातेवाईक मॅडोर राणीवर खुनाचा आरोप करतो. आणि त्या पंक्तीत एकही जण तोंड उघडत नाही! मला हे वाचताना थेट द्यूतसभा आठवली. तेच मोठमोठे वीर, तेच खाली घातलेले डोळे. पेंटेकॉस्टला हात वर करून शपथ घेणारे हेच ना?

त्यात राजा म्हणतो, मी न्यायाधीश आहे, मला माझ्या बायकोसाठी लढता येत नाही. पंधरा दिवसांत कुणी तिच्या बाजूने उभा राहिला नाही तर तिला जाळणार. शेवटी लॅन्सलॉट येतो, जिंकतो, ती सुटते. खरा गुन्हेगार कोण ते सरोवराची देवी येऊन सांगते, तेही नंतर. म्हणजे लढाईने सत्य बाहेर आलं का? नाही. लढाईने इतकंच कळलं की लॅन्सलॉट मॅडोरपेक्षा जोरदार आहे.

काजवा

दगडफूल, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मॅलरीलाही असावं असं मला वाटतं. राजा लढत नाही त्यातली एक बाजू मात्र सोडू नका. त्याला लढायचं आहे, वाईट वाटतंय, पण न्यायाच्या खुर्चीवर बसलेल्याने आपल्या माणसासाठी शस्त्र उचलायचं नाही हे तो पाळतो. लग्नात गोंगाट थांबला म्हणून सुखावलेला तो राजा आणि हा, यांत अंतर पडलंय.

पण पंक्तीतल्या मौनाला माझ्याकडे उत्तर नाही. द्यूतसभेची तुलना अंगावर आली.

पुढचा आरोप तर याहून वाईट. मेलिअगंट नावाचा नाइट राणीवर आळ घेतो की तिने तिच्या दालनात मुक्कामाला असलेल्या जखमी नाइटांपैकी एकाशी रात्र घालवली. शब्दशः पाहिलं तर हे खोटं आहे, कारण खोलीत आला होता लॅन्सलॉट, राणीचा छुपा प्रियकर. मग लॅन्सलॉट बेधडक मैदानात उतरतो, कारण "जखमी नाइटांपैकी कुणी नाही" हे खरंच आहे! खोट्या बाजूने लढू नये या कलमातून असा सुईच्या नेढ्यातून निघावा तसा निघतो. आणि कहर पुढे आहे. मेलिअगंट हरतो, दया मागतो. लॅन्सलॉट राणीकडे पाहतो. ती मान हलवते, मारून टाक अशी. पण शपथ दया करायला सांगते. मग लॅन्सलॉट त्याला म्हणतो, ऊठ, मी डोकं उघडं ठेवतो, डावी बाजू उघडी ठेवतो, डावा हात पाठीशी बांधून घेतो, पुन्हा लढ. मेलिअगंटला वाटतं ही चालून आलेली संधी. एका वाराने त्याचं डोकं दुभंगतं.

दरबारी रीत सगळी पाळली गेली. कलमाचा एक शब्द मोडला नाही. आणि शपथ त्या मैदानात मेली.

म्हणून तिसऱ्या वेळी आर्थर जे करतो ते मला कळतं, पटत नसलं तरी. राणी आणि लॅन्सलॉट एकत्र सापडल्यावर गॉवेन विनवतो, घाई करू नका, लॅन्सलॉटला तिच्या बाजूने लढू द्या. आर्थर नाही म्हणतो. त्याचं कारण असं की लॅन्सलॉटला स्वतःच्या हातांच्या बळावर इतका भरवसा आहे की तो कुणालाच भीत नाही, तेव्हा आता माझ्या राणीसाठी तो लढणार नाही, तिला कायदाच लागू होईल. दगडफूल, तुमचा सगळा आक्षेप राजाच्या तोंडी आहे बघा. फक्त त्याला तो कळला तो राणीसाठी सरण रचायच्या वेळी. लॅन्सलॉट तिला सोडवायला येतो आणि गर्दीत गॉवेनच्या भावांना, गॅहेरिसला आणि गॅरेथला, मारतो. दोघांच्या अंगावर चिलखतही नव्हतं. गॉवेनला दयेचा धडा देणारा भाऊ तो हाच गॅहेरिस.

वाटसरू

मी इंग्लंडात असताना विंचेस्टरला जाऊन ते मेज पाहिलं होतं, म्हणून लिहितो. खरं आर्थरचं नाही अर्थात. तेराव्या शतकाच्या अखेरीचं, ओकच्या लाकडाचं, साडेपाच मीटर व्यासाचं आणि वजन टनाच्या वर. पाय कधीच काढून टाकलेत, आता ते दालनाच्या भिंतीवर उभं टांगलंय. हिरवे-पांढरे पट्टे, मधोमध ट्यूडर राजघराण्याचा गुलाब, कडेने चोवीस नाइटांची नावं. रंग आठव्या हेन्रीच्या काळातला आणि वर बसवलेल्या आर्थरचा चेहरा त्याच्याच वळणाचा असं म्हणतात. खाली उभं राहून वर बघताना माझ्या मनात आलं की गोल मेजालाही वरची बाजू असतेच, टांगलं की राजा वर जातो.

आता खऱ्या संघांविषयी. इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डला आर्थरचं फार वेड. १३४४ मध्ये विंडसरला मोठा उत्सव करून त्याने गोलमेज पुन्हा स्थापण्याची शपथ घेतली, त्यासाठी दोनशे फूट व्यासाची गोल इमारत बांधायला काढली. ते पुरं झालं नाही. त्याऐवजी १३४८ च्या सुमारास ऑर्डर ऑफ द गार्टर आली, राजा आणि पंचवीस जणांची. तिच्यात थाट पुष्कळ, न्यायनिवाडा मला फारसा दिसत नाही.

पण काजवा ज्याबद्दल बोलताहेत ते एका खऱ्या संघात होतं. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द गुड याने १४३० मध्ये ब्रूजला ऑर्डर ऑफ द गोल्डन फ्लीस स्थापन केली. त्यांच्या सभेत एक रीत होती. एकेका नाइटने दालनाबाहेर जायचं. आत उरलेल्यांनी त्याच्या वागणुकीची चर्चा करायची, काय चुकलं, काय शोभलं नाही. मग त्याला आत बोलावून सगळ्यांसमोर ते ऐकवायचं, शिक्षाही द्यायची. आणि या फेऱ्यातून खुद्द संघप्रमुख ड्यूकही सुटायचा नाही. फिलिपचा मुलगा चार्ल्स द बोल्ड याच्यासारख्या तापट माणसालाही बाहेर जाऊन थांबावं लागलं आणि आत येऊन आपले दोष ऐकून घ्यावे लागले.

बंद दाराबाहेर उभा असलेला ड्यूक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आत आपल्याबद्दल बोलणं चाललंय, आवाज येतोय, शब्द कळत नाहीत.

दगडफूल

वाटसरू, हे माहीत नव्हतं. असं असेल तर माझं मत थोडं बदलतं. दरवाजाबाहेर उभं राहायला लावणारी रीत मला शपथेपेक्षा जास्त कामाची वाटते, कारण शपथ मीच घेतो आणि मीच तिचा अर्थ लावतो, लॅन्सलॉटने लावला तसा. इथे अर्थ दुसरे लावतात. आर्थरच्या दरबारात लॅन्सलॉटला असं कुणी एकदा तरी बाहेर उभं केलं असतं तर? सगळ्यांना माहीत होतं, सगळे गप्प होते, आणि बोलायला उठले ते गॉवेनचेच भाऊ मॉर्ड्रेड आणि अ‍ॅग्रव्हेन, द्वेषापोटी.

एक शंका. मॅलरीवर स्वतःवरच गंभीर आरोप होते ना? तो पुस्तकात स्वतःला कैदी नाइट म्हणवतो. मग ही शपथ त्याने कोणत्या तोंडाने लिहिली?

मोरपीस

हो. अभ्यासक ज्या मॅलरीला लेखक मानतात त्या वॉरिकशरच्या मॅलरीवर दरोडा, खंडणी आणि एका विवाहितेवरच्या बळजबरीचेही आरोप होते. खटला निकालापर्यंत कधी गेलाच नाही, तो वर्षानुवर्षं तुरुंगात आत-बाहेर करत राहिला. काळ यादवीचा होता, राजकीय वैरातून आरोप रचले जात, हेही खरं. मला त्याला निर्दोषही ठरवायचं नाही आणि दोषीही. पण "कधीही जबरदस्ती करायची नाही" हे शब्द ज्याच्या लेखणीतून उतरले त्याने ते सहज लिहिले असतील असं मला वाटत नाही.

काजवा

दगडफूल, लॅन्सलॉटला बाहेर उभं करण्याबद्दल तुम्ही लिहिलंत आणि मला सर अरीचा प्रसंग आठवला. मेलिअगंटच्या वधानंतर आणि सर्वनाशाच्या आधी मॅलरीने तो ठेवलाय.

अरी हा हंगेरीचा नाइट. त्याच्या अंगावर सात जखमा आणि शाप असा की जगातल्या सर्वोत्तम नाइटने चाचपल्याशिवाय त्या भरणार नाहीत. त्याची आई त्याला डोलीत घालून सात वर्षं देशोदेशी हिंडवते आणि पेंटेकॉस्टच्या सुमारास, म्हणजे शपथेच्याच दिवसांत, कार्लाइलला आर्थरच्या दरबारात आणते. आर्थर स्वतः आधी हात लावतो, बाकीच्यांना लाज वाटू नये म्हणून. काही होत नाही. मग एकेक करून एकशे दहा जण पुढे येतात. मॅलरी पानभर नावंच देतो. ती नावं वाचताना आपल्याला कळतं की हा गोलमेजाचा शेवटचा पट आहे, यानंतर हे सगळे एकत्र दिसणार नाहीत.

शेवटी लॅन्सलॉट येतो. तो नको म्हणतो. राजा आज्ञा करतो. आता बघा, ज्याला आपलं पाप पक्कं माहीत आहे त्याला सगळ्यांदेखत सिद्ध करायचंय की आपण सर्वोत्तम आहोत. तो गुडघे टेकतो, मनातल्या मनात प्रार्थना करतो की हे माझ्या पुण्याईने नको, तुझ्या कृपेने होऊ दे. डोक्यावरच्या जखमांना हात लावतो, त्या भरतात. अंगावरच्या भरतात. शेवटी हातावरची भरते.

राजा, राणी, सगळा दरबार गुडघ्यांवर बसून देवाचे आभार मानतो. आणि लॅन्सलॉट मार खाल्लेल्या लहान मुलासारखा रडत राहतो. का रडतोय ते तिथे कुणीही विचारत नाही.